आजचं चिंतन: सेवा करणाऱ्याच्या आत कोण राहतं?



आजचं वाचन: गीता, अध्याय १७, श्लोक ५ आणि ६.

हा श्रद्धेच्या तीन प्रकारांचा अध्याय. या दोन श्लोकांत भगवंत घोर तपाबद्दल बोलतात. काही जण शास्त्राने न सांगितलेलं कठोर तप दंभाने, अहंकाराने करतात. ते स्वतःच्या शरीराला तर छळतातच, पण त्या शरीरात राहणाऱ्या भगवंतालाही छळतात.

तप म्हटलं की आपल्याला हिमालय आठवतो. पण जरा आपल्या गावाकडे बघा. मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला. मेहकरच्या, चिखलीच्या घरात आजी अंथरुणाला खिळलेली. आई नाहीतर वहिनी रात्री तीनदा उठते, आजीची कूस बदलते, कपडे बदलते आणि पहाटे पुन्हा चुलीपाशी असते. तिची स्वतःची बीपीची गोळी राहून जाते. आपण फोनवर म्हणतो, "किती पुण्याचं काम करतेस गं!" आणि फोन ठेवतो.

इथे नीट समजून घेऊया. श्लोकातला दंभ तिच्यात नाही. ती प्रेमाने करते. पण "आमच्या घरात बाहेरची बाई लावत नाहीत", "लोक काय म्हणतील", हे कोण बोलतं? बरेचदा आपणच. म्हणजे अहंकार घराचा आणि झिजणारं शरीर तिचं. आजीत देव आहे हे आपल्याला पटतं. मग आजीचं करणारीतही तोच आहे ना?

मदत घेतली तर सेवा कमी होते का? आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातलं शेगाव बघा. संस्थानात सेवाधारी गावोगावहून पाळीपाळीने येतात, मोबदला न घेता सेवा करतात आणि घरी परततात. मग दुसरे येतात. महाराजांच्या दारातली सेवासुद्धा पाळीने चालते, मग घरातली एकाच माणसाने का ओढायची?

आता थोडं व्यवहाराचं. ही माहिती घरच्या ग्रुपवर नक्की टाका.

• एल्डरलाइन १४५६७: ज्येष्ठांसाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन. योजना, कायदा याची माहिती मिळते, मन मोकळं करता येतं. कोणी वृद्ध बेवारस दिसले तरी इथे कळवा.

• आयुष्मान वय वंदना कार्ड: वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्नाची अट नाही. योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार कार्ड लागतं.

• श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन: ६५ वर्षांवरच्या निराधार, गरीब ज्येष्ठांसाठी दरमहा १,५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजना शाखेत.

• मुख्यमंत्री वयोश्री योजना: ६५ वर्षांवरच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत हवं.

• एसटी: ७५ वर्षांवरच्यांना राज्यात मोफत प्रवास, ६५ ते ७५ वयात अर्धं तिकीट. दवाखान्याच्या फेऱ्यांना उपयोगी.

• २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा: मुलं सांभाळत नसतील तर आई-वडील उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह खर्च मागू शकतात. वकील लावावा लागत नाही. "सांभाळीन" या अटीवर शेत किंवा घर लिहून घेतलं आणि मग पाठ फिरवली, तर ते बक्षीसपत्र रद्दही होऊ शकतं.

पण खरं सांगू? यातली एकही योजना वहिनीला एक रात्र पूर्ण झोप देत नाही. ती आपणच द्यायची आहे.

याच अध्यायात पुढे, विसाव्या श्लोकात, सात्त्विक दानाची खूण सांगितली आहे: योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता. महिन्याला पैसे पाठवणं चांगलंच. पण तिला हवा असतो एक रविवार. कार्डाचा फॉर्म, तहसीलची फेरी, औषधांची यादी ही कामं तर आपण फोनवरून किंवा सुट्टीत सहज उचलू शकतो. आणि रात्रीसाठी पगारी मदतनीस परवडत असेल तर "लोक काय म्हणतील" हे उत्तर आपण द्यायचं, तिने नाही.

आजचा संकल्प: आज गावी फोन लावा. आजीची तब्येत विचाराच, पण त्यानंतर फोन तिच्याकडे द्यायला सांगा, जी आजीचं सगळं करते. तिला एवढंच विचारा, "तू नीट झोपलीस का? पुढच्या महिन्यात कोणते दोन दिवस मी येऊ?" आणि तारीख ठरल्याशिवाय फोन ठेवू नका.

जय गजानन. उद्या भेटूया.