जुने इंजिन घेताना

आपला बीड जिल्हा कमी पावसाचा. पाणी विहिरीच्या तळाशी असते. पूर्वी ते मोटेने वर काढत. बैल दमत, माणूसही दमे. मग डिझेलचे इंजिन आले. फट् फट् आवाज करीत ते पाणी ओढू लागले, आणि मोट मागे पडली.

आता पुष्कळ विहिरींवर विजेची मोटार आहे. पण कुठे वीज वेळेवर मिळत नाही, कुठे विहीर तारांपासून लांब आहे. तिथे इंजिन अजून कामाला येते. रसवंतीवाल्यालाही ते लागते. नवे घेण्याची ऐपत नसली, की माणूस जुने शोधतो. त्यात वावगे काही नाही. जुने इंजिन दुरुस्त केले तर पुष्कळ वर्षे चालते. मात्र ते पारखून घ्यावे. न पारखता घेतले तर काय होते, हे आम्ही भोगले आहे. ते सांगतो.

आमची फसगत

गोष्ट सन १९८८ ची. मी तेव्हा शाळेत शिक्षक होतो. थोरले बंधू शेती पाहत. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी जुने इंजिन घ्यायचे ठरवले. पैसे कमी पडले, तेव्हा वहिनींनी हातातल्या पाटल्या मोडायला दिल्या.

आम्ही पाहायला गेलो, तर इंजिन आधीच चालू करून ठेवलेले. हिरवागार नवा रंग दिलेला. आवाज छान. दादा म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिकलेले. तुम्हीच बघा." मी रंग बघितला आणि मान हलवली. पैसे दिले. पावती मागितली नाही.

पंधरा दिवसांत इंजिन बंद पडले. गहू ऐन ओंबीत होता. त्याचे वाफे डोळ्यांदेखत वाळले. बीडहून एक म्हातारे मिस्त्री आणले. त्यांनी रंग खरवडला. खाली लांबी भरलेली निघाली, आणि लांबीखाली ही एवढी चीर! आतले पाणी ऑइलमध्ये उतरत होते. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, पोरांना वाचायला शिकवता, पण इंजिन काही तुम्हाला वाचता आलं नाही."

तो बोल मला लागला. पण त्यांनीच पुढे इंजिन वाचायला शिकवले. तेच आज तुम्हाला सांगतो.

इंजिन चालते कसे?

सायकलचा पंप घ्या. तोंड बोटाने दाबून जोरात हवा भरा. पंप गरम लागतो. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात हेच होते. पिस्टन हवा दाबतो. हवा इतकी तापते, की त्यात डिझेलचा बारीक फवारा पडताच तो पेट घेतो. त्या जोराने पिस्टन ढकलला जातो आणि चाक फिरते. काडी लावावी लागत नाही.

ही युक्ती जर्मनीतल्या रुडॉल्फ डिझेल यांची. सन १८९७ मध्ये त्यांचे इंजिन नीट चालले. त्यांचेच नाव तेलाला पडले. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर केला, आणि सन १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पुढे सन १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. इंग्लंडच्या लिस्टर इंजिनासारखी इंजिने गुजरातेत राजकोटलाही पुष्कळ झाली. जुन्या बाजारात अशी अनेक मेकची इंजिने दिसतात.

तेव्हा ध्यानात धरा, दाब हा इंजिनाचा प्राण आहे. दाब गेला की दम गेला.

घेण्याआधी काय पाहावे?

१. पाटी वाचा. इंजिनावर धातूची पाटी असते. तीवर मेक, नंबर, अश्वशक्ती आणि मिनिटाला किती फेरे ते लिहिलेले असते. जुनी जड इंजिने ६५० च्या आसपास फेरे घेतात, हलकी १५०० घेतात. आपला पंप किती फेऱ्यांचा आहे, त्याच्याशी हे जुळवा. त्या मेकचे सामान जवळच्या गावी मिळते का, तेही विचारा.

२. हेडला हात लावा. चालू करण्याआधी ते थंड पाहिजे. गरम असेल तर म्हणा, "आम्ही उद्या सकाळी येतो." थंड इंजिन सुरू होते की नाही, यातच खरी परीक्षा आहे.

३. दाब पाहा. डिझेलचा कॉक बंद करा. दाब सोडण्याची कळ खाली ठेवा आणि चाक हाताने हळू फिरवा. एका जागी ते अडले पाहिजे, मागे उसळले पाहिजे. सहज फिरले तर रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह झिजले आहेत.

४. ऑइल पाहा. ते ताकासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी गेले आहे. एक तर पॅकिंग गेले, नाही तर चीर पडली.

५. चाक वर-खाली हलवून पाहा. खडखड लागली तर बेअरिंग गेले.

६. धूर पाहा. सुरुवातीला थोडा धूर चालतो. पण निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळते आहे. काळा आला तर नोझल बिघडले, किंवा इंजिनावर भार जास्त आहे. पांढरा थांबेना, तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जाते.

रिंगा, लायनर, नोझल, बेअरिंग बदलता येतात. चिरलेले इंजिन मात्र घेऊच नका, मग ते किती का स्वस्त असेना.

हिशेब आणि पावती

समजा, इंजिन १२,००० रुपयांना सांगितले. मिस्त्री म्हणतो, सामानाला ७,००० आणि मजुरीला २,००० लागतील. वाहतूक १,०००. म्हणजे इंजिन १२,००० ला नाही, २२,००० ला पडले. हा आकडा कागदावर मांडा. मग नव्याची किंमत विचारा. मगच ठरवा.

पावती घ्या. तीत तारीख, इंजिनाचा नंबर, रक्कम, दोघांची नावे, गाव आणि सह्या असाव्यात. सही करण्याआधी पावती स्वतः वाचा.

दुरुस्ती करताना

मिस्त्री इंजिन खोलतो, तेव्हा जवळ बसा. कोणता भाग कुठला, हे वहीत लिहा. बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यांवर नावे घाला. भाग डिझेलने धुऊन पुसा. जवळ विडी-काडी नको. लायनर व पिस्टन नवे घातले, तर आधी थोड्या भारावर चालवा, मग पूर्ण काम द्या. ऑइल केव्हा बदलले ती तारीख लिहून ठेवा.

जिवाला जपा

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल उलटले तर हात मोडतो. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर पट्ट्यापासून दूर ठेवा. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नका. तो कातडीतून आत शिरतो.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. पाणी खोल गेले म्हणून इंजिन विहिरीत उतरवू नका. बंद खोलीतही चालवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. माणूस गुंगतो आणि मरतो. वाचवायला उतरलेलाही वर येत नाही.

आमच्या इंजिनाला दुसरी जुनी बॉडी बसवली. ते पुढे बारा वर्षे चालले. वहिनींच्या पाटल्या चौथ्या साली परत झाल्या. पण वाळलेला गहू काही परत आला नाही. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पाटी वाचा, पावती वाचा, आणि मगच पैसे मोजा.

विचार करा व लिहा

१. इंजिन थंड असतानाच का पाहावे?
२. इंजिन ९,००० चे, सामान ६,५००, मजुरी १,५००. एकूण किती?
३. विहिरीत इंजिन का चालवू नये?
४. इंजिन विकत घेतल्याची एक पावती लिहून दाखवा.