दारूबंदीच्या जिल्ह्यात हृदयाला अल्कोहोल?

प्रश्न : धाकट्या भावाला जिना चढताना दम लागतो, एकदा चक्कर येऊन पडला. इकोत हृदयाचा पडदा २२ मिलिमीटर जाड निघाला. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी भागलं नाही तर अल्कोहोल सोडावं लागेल. आमचा जिल्हा दारूबंदीचा, आई बिचकली आहे. तारेनं चीर देण्याचा उपाय ऐकला, तो काय?
— एक वाचक, आर्वी

उत्तर : आईंना सांगा, दारूबंदी शाबूत आहे. हे औषधी अल्कोहोल, तेही एक ते तीन मिलिलिटर, चमचाभरसुद्धा नाही.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा एरवी १२ मिलिमीटरपर्यंत असतो. तो फुगला की ओलिताच्या पाटाच्या तोंडाशी गाळ साचल्यासारखं होतं. वर प्रत्येक ठोक्याला झडपेचं पान ओढलं जाऊन त्याला टेकतं, उरलेली वाटही अडते. छाती उघडून हा पडदा तासणं जुनं, आणि अनुभवी हातांत आजही भरवशाचं. १९९४मध्ये लंडनला उल्रिख सिग्वार्ट यांनी नळी घालून पडद्याच्या बारीक धमनीत अल्कोहोल सोडलं. मुद्दाम घडवलेला छोटासा हार्ट अटॅकच तो! तेवढा स्नायू मरतो आणि काही महिन्यांत आक्रसतो. पण अल्कोहोल धमनी नेईल तिकडे जातं, डॉक्टरला हवं तिकडे नाही. दहातल्या साधारण एकाला पुढे पेसमेकर लागतो.

तारेच्या उपायाचं नाव 'सेसमी'. इंग्रजीत अर्थ तीळ, पण नाव आद्याक्षरांतून आलेलं. संक्रांतीशी संबंध नाही. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी २०२२मध्ये तो मांडला. धडधडत्या हृदयातच तार पडद्याच्या स्नायूत शिरवायची, आतून पुढे सरकवून पलीकडे काढायची, मग वीज सोडून लांब चीर द्यायची. कापून काहीच काढत नाहीत. भरल्या वांग्याला चीर दिली की ते उघडतं, तसा स्नायू दोन्हीकडे फाकतो आणि वाट मोकळी होते. चीर कुठे द्यायची हे डॉक्टर ठरवतो, हा मोठा फायदा. मात्र ती खोल गेली तर पडद्याला भोक पडतं. म्हणून हा उपाय अजून प्रयोगातच धरा. भावाला आधी गोळ्यांचा पुरता गुण येऊ द्या.

आणि तुमचं काय? हा आजार पुष्कळदा घराण्यातून येतो. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या २००९च्या अभ्यासात, हृदयस्नायूच्या एका जनुकातला दोष शंभरातल्या सुमारे चार भारतीयांत आढळला. सेवाग्रामला किंवा सावंगीला भावाला दाखवायला जाल, तेव्हा तुमचा आणि आईवडिलांचाही इको काढून घ्या.