दोघांचा शनिवार-रविवार : गहुंज्याचा सामना, कात्रजचे प्राणी आणि खर्चाचा हिशेब

शेजारचे काका-काकू सहा महिने मुलाकडे सॅन दिएगोला राहून दसऱ्याच्या सुमारास कोथरूडला परतले. अमेरिकेतलं पुष्कळ बघून झालं होतं, पण काकूंच्या बोलण्यात पुन्हापुन्हा एकच शनिवार-रविवार यायचा. शनिवारी संध्याकाळी मुलगा-सुनेने त्यांना बेसबॉलच्या सामन्याला नेलं आणि रविवारी तिथल्या प्रसिद्ध प्राणिसंग्रहालयात. दोघंही थकले नाहीत, गाडी चालवावी लागली नाही, घरी येऊन स्वयंपाकही करावा लागला नाही. "मग हे आपण पुण्यात का करत नाही गं?" काकूंनी मला विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी वही काढली, काका चष्मा लावून बसले आणि आम्ही हिशेब मांडला. त्यानंतर मी आणि माझे यजमान तो कार्यक्रम प्रत्यक्ष करून आलो. कोथरूडमध्ये राहणाऱ्या किंवा साताऱ्या-नाशिकहून दोन दिवसांसाठी कोथरूडला उतरणाऱ्या जोडप्यांना उपयोगी पडावा म्हणून तो हिशेब इथे देते.

पुण्यात बेसबॉल शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांमध्ये खेळला जातो, पण शनिवारी संध्याकाळी तिकीट काढून जाऊन बसावं असा सामना मिळत नाही. आपला बॅटबॉल म्हणजे क्रिकेट, आणि मोठं क्रिकेट म्हणजे गहुंजे. आकड्यांकडे वळण्याआधी एक फरक ध्यानात घ्या, कारण सगळा खर्च त्यावर ठरतो. सॅन दिएगोचं मैदान शहराच्या मध्यावर आहे, अडीच डॉलरच्या तिकिटात ट्राम त्याच्या जवळ सोडते. पुण्याचंही पूर्वी तसंच होतं. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं, त्या सामन्याला लोक सायकलींवरून गेले होते. २०१२ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं नवं स्टेडियम गहुंज्याला द्रुतगती मार्गालगत सुरू झालं. सदतीस हजारांवर माणसं बसतील असं ते देखणं मैदान आहे, पण कोथरूडपासून जवळजवळ पंचवीस किलोमीटर दूर. तिथे जाणाऱ्याचा खिसा तिकिटाच्या खिडकीइतकाच रस्त्यावरही रिकामा होतो.

तरीही आधी तिकिटाचं बघू. तिकिटावरच्या कराने २२ सप्टेंबर २०२५ पासून वेगळं रूप घेतलं आहे आणि पुष्कळांना ते ठाऊक नाही. आयपीएलसारख्या स्पर्धेच्या तिकिटावर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो आता ४० टक्के झाला. म्हणजे मूळ किंमत हजार रुपये असेल तर तुम्ही १४०० भरता. मान्यताप्राप्त क्रीडा सामन्यांना, म्हणजे भारत विरुद्ध कुणी अशा आंतरराष्ट्रीय लढतींना, हा दर लागू नाही. तिथे ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर नाही आणि त्यापुढे १८ टक्के. हजाराचं तिकीट ११८० ला पडतं. त्यावर ऑनलाइन विक्रेत्याचं सेवाशुल्क वेगळं येतं, म्हणून पैसे भरण्याआधी शेवटच्या पानावरची बेरीज पाहा. भारताच्या सामन्याचं बऱ्यापैकी जागेचं तिकीट मी हिशेबात माणशी दीड हजार धरते. दोघांचे तीन हजार.

आता रस्ता. ॲपवरची गाडी कोथरूडहून गहुंज्याला जाताना साधारण ५०० ते ७०० रुपये घेते. रात्री सामना सुटल्यावर तीच गाडी हजाराच्या पुढे जाते, आणि मुळात मिळेल याची खात्री नसते. आम्ही एका रात्री अकरानंतर पाऊण तास सेवारस्त्यावर उभे होतो. दोन चालकांनी फेरी रद्द केली, तिसऱ्याने १४०० रुपये रोख मागितले आणि आम्ही मुकाट्याने दिले. त्या पाऊण तासात सामन्याचा सगळा आनंद विरला. तेव्हापासून आमचा नियम पक्का झाला : येण्याची सोय ठरल्याशिवाय सामन्याचं तिकीट काढायचं नाही. ओळखीच्या रिक्षावाल्याकडून किंवा टॅक्सीवाल्याकडून जाणं, थांबणं आणि येणं असा एकरकमी दर आधी बोलून घ्या. दोन जोडपी मिळून गाडी केली तर खर्च निम्म्यावर येतो. मोठ्या सामन्यांना पीएमपी खास बस सोडते, २०२३ च्या विश्वचषकाच्या वेळीही सोडल्या होत्या. त्यांच्या वेळा सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी वर्तमानपत्रात येतात, तेव्हा लक्ष ठेवा.

स्वतःच्या दुचाकीने जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. चांदणी चौक, वाकड, किवळे असं बाह्यवळण रस्त्याने जाऊन पुढे सेवारस्त्यानेच गहुंजे गाठायचं. येऊन-जाऊन पन्नास किलोमीटर, म्हणजे सव्वाशे रुपयांच्या आतलं पेट्रोल. दिवसाच्या सामन्याला हा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे. रात्री मात्र ट्रकांची वर्दळ असते, आणि साठी उलटलेल्यांनी त्या वेळी दुचाकी काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लोकलनेही जाता येतं. शिवाजीनगरहून लोणावळ्याच्या गाडीत बसून देहूरोड किंवा बेगडेवाडीला उतरायचं, भाडं दहा रुपयांच्या आसपास. तिथून पुढे रिक्षा करावीच लागते.

स्टेडियमचा बराच भाग उघडा आहे. ऑक्टोबरमध्ये दुपारी तिथे ऊन अक्षरशः भाजून काढतं. मोठ्या सामन्याला पाण्याच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत. ऑक्टोबर २०२४ च्या न्यूझीलंड कसोटीत पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना पिण्याचं पाणी पुरलं नाही. संघटनेने दिलगिरी व्यक्त केली आणि पुढे पाणी मोफत दिलं. तिकीट काढताना छपराखालची जागा निवडा, दोनशे-तीनशे जास्त पडले तरी ते वसूल होतात. आतल्या खाण्यापिण्याला दोघांचे सहाशे धरा. सीलबंद बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे कुणी मागितले तर देऊ नका, विक्रेत्याला छापील आकडा दाखवा.

अशा रीतीने भारताचा एक रात्रीचा सामना दोघांना तिकिटं, गाडी आणि खाणं मिळून साडेपाच हजारांच्या घरात जातो. काकांनी हा आकडा ऐकून वही मिटली होती.

मी ती पुन्हा उघडली, कारण रणजीचं पान अजून शिल्लक होतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या हंगामात महाराष्ट्राचे घरचे सामने गहुंज्यालाही होतात. सामना चार दिवसांचा असतो, त्यामुळे त्यात शनिवार किंवा रविवार बहुतेक वेळा सापडतो. सकाळी साडेनऊच्या सुमारास सुरू होतो, संध्याकाळी उजेडातच संपतो. तिकीट सहसा नसतं. रांग नाही, ढकलाढकली नाही, परतीच्या गाडीची चिंता नाही. खेळाडू इतक्या जवळून दिसतात की यष्टिरक्षक गोलंदाजाला काय सांगतोय ते ऐकू येतं. पुण्याचा केदार जाधव याच संघातून वर आला आणि १५ जानेवारी २०१७ ला याच मैदानावर त्याने इंग्लंडविरुद्ध ७६ चेंडूंत १२० धावा केल्या. आम्ही रणजीला गेलो तेव्हा पेट्रोल ११५ आणि वाटेतली न्याहारी-जेवण ४०० असा दोघांचा खर्च ५१५ रुपये झाला. सामन्याची तारीख आणि प्रवेश खुला आहे का, एवढंच दोन दिवस आधी पाहून निघा.

गहुंजेही लांब वाटत असेल तर वनाजला मेट्रोत बसून डेक्कनला उतरा. भांडारकर रस्त्याच्या बाजूला पीवायसी हिंदू जिमखाना आणि डेक्कन जिमखाना ही शतकापेक्षा जुनी मैदानं आहेत. सुट्टीच्या दिवशी तिथे कुणी ना कुणी खेळत असतंच. शनिवार-रविवारी पुणे मेट्रो भाड्यात ३० टक्के सवलत देत आली आहे, त्यामुळे येऊन-जाऊन दोघांचं काम पन्नास-साठ रुपयांत भागतं.

रविवार कात्रजचा.

राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १३० एकरांवर पसरलेलं आहे आणि त्यातले ४२ एकर तलावाचे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातूनच नळाने शहराला पाणी गेलं. सॅन दिएगोचं प्राणिसंग्रहालय १९१६ चं, साधारण शंभर एकरांचं. तिथे एका माणसाचं तिकीट सत्तर डॉलरच्या वर आहे, म्हणजे काका-काकूंसाठी मुलाने नुसत्या प्रवेशाचे बारा-तेरा हजार रुपये मोजले. कात्रजला मोठ्या माणसाचं तिकीट बरीच वर्षं ४० रुपये होतं. दर बदलतात, म्हणून मी हिशेबात माणशी शंभराची नोट धरते. दोघांचे दोनशे, त्यात सर्पोद्यानही आलं.

माझ्या पिढीला पेशवे पार्क आठवतो. पर्वतीच्या पायथ्याशी अरुंद पिंजऱ्यात फेऱ्या मारणारे वाघ-सिंह आठवतात आणि आज त्याचं वाईट वाटतं. तिथले प्राणी टप्प्याटप्प्याने कात्रजला मोकळ्या खंदकांच्या आवारात आले. सर्पोद्यान त्याआधीचं, १९८६ चं. नीलिमकुमार खैरे यांनी ते उभं केलं. १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहून त्यांनी सापाला डिवचलं नाही तर तो चावत नाही हे पुणेकरांना दाखवून दिलं होतं. तिथे अर्धा तास तरी द्या आणि नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांतला फरक नीट बघून घ्या. कोथरूडमध्ये टेकडीच्या कडेला राहणाऱ्यांना तो उपयोगी पडतो.

कोथरूड ते कात्रज बारा-तेरा किलोमीटर. पीएमपीचे दर १ जून २०२५ पासून वाढले. दहा ते पंधरा किलोमीटरला ३० रुपये, म्हणजे येऊन-जाऊन माणशी ६०. दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दिवसाचा पास ७० रुपयांना आहे. नुसतं कात्रजला जाऊन परत यायचं असेल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात. परतीला सारसबागेत उतरायचं असेल तर मात्र पासच घ्या. एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत पीएमपीत चालत नाही. मला कंडक्टरने हे समजावून सांगितलं तेव्हा मागे चार बायका तोच प्रश्न घेऊन उभ्या होत्या. रिक्षा मीटरने पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये या दराने एका फेरीला सव्वादोनशेपर्यंत जाते. रविवारी दुपारनंतर कात्रज चौकात कोंडी होते आणि मीटर चालू राहतो, हेही धरा.

म्हणूनच सकाळी साडेनऊला फाटक उघडतं तेव्हा तिथे असावं. त्या वेळी वाघ हिंडत असतो, अस्वल माती उकरत असतं, गवे सावलीत गेलेले नसतात. बारानंतर बहुतेक प्राणी झोपतात, आणि जी मंडळी तेव्हा येतात ती "काहीच दिसलं नाही" म्हणत परततात. आतलं अंतर मोठं आहे, तीन-चार तास चालणं होतं. गुडघे दुखत असतील तर फाटकापाशी बॅटरीवरच्या गाडीची चौकशी करा, तिच्यासाठी दोघांचे शे-दीडशे बाजूला ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. प्राण्यांना काहीही खायला घालू नका, कुणी घालत असेल तर रखवालदाराला सांगा. बाहेर आल्यावर कात्रज दूध संघाचं ताक किंवा लस्सी घ्यावी, दोघांना शंभराच्या आत होते.

जेवणाला दोघांचे पाचशे पुरतात. बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेलं दिसलं तर ते काढायला सांगा. ते ऐच्छिक आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ग्राहकांची ही बाजू उचलून धरली. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

बस १२०, प्रवेश २००, बॅटरीची गाडी १५०, जेवण ५००, लस्सी १०० : रविवारचे १०७०. रणजीच्या शनिवारचे ५१५ धरून दोघांचा शनिवार-रविवार सोळाशेच्या आत बसतो. भारताचा सामना घेतलात तर साडेसहा हजार. बाहेरगावहून येणाऱ्यांना खोलीचे पैसे वरून लागतील. पौड रस्ता किंवा कर्वे रस्त्याला साधी स्वच्छ खोली दिवसाला दोन-अडीच हजारांत धरा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर आता १२ ऐवजी ५ टक्के जीएसटी आहे, जुन्या दराने बिल केलेलं नाही ना ते तपासा. वनाज किंवा आनंदनगर मेट्रो स्थानकाच्या जवळची खोली घेतलीत तर रिक्षाचे पैसे वाचतात.

काका-काकू मागच्या आठवड्यात कात्रजला जाऊन आले. तिथे वाघ सॅन दिएगोपेक्षा जवळून दिसला असं काकूंचं म्हणणं आहे. आता ते दोघं महाराष्ट्राच्या गहुंज्यातल्या पुढच्या सामन्याची तारीख बघताहेत. तुम्हीही बघा, आणि सुट्टीवर असाल व मधल्या वारी जाणार असाल तर कात्रज बुधवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.