वारशाआधी वचन

चि. सोनूस,


तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. "प्रोग्राम चालतो, आउटपुट बरोबर येतं, तरी सरांनी वीसपैकी अकराच दिले," असं तू लिहिलंस. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून सवडीने पत्र लिहितोय. तू पाठवलेला कोड ओळ न् ओळ वाचला. बाळा, सरांनी गुण बरोबर कापलेत.

पहिल्या कोर्समध्ये उत्तर आलं की काम झालं. लूप लागला, ॲरे भरला, आकडा जुळला. या दुसऱ्या कोर्समध्ये विचारणं वेगळं असतं. तुझा क्लास उद्या दुसरं कोणी वापरेल, परवा तिसरं कोणी त्यात भर घालेल. त्या वेळी तो दिलेला शब्द पाळेल का? इंटरफेस, ॲबस्ट्रॅक्ट क्लास, पॉलिमॉर्फिझम ही सगळी साधनं याच एका गोष्टीसाठी शिकवतात.

आता तुझा वाचनालयाचा प्रोग्राम बघ. 'पुस्तक' या क्लासमधून तू 'संदर्भग्रंथ' काढलास, कारण नाव, लेखक, दाखल क्रमांक हे सगळं आयतं मिळत होतं. पण संदर्भग्रंथ घरी नेता येत नाही. म्हणून 'इश्यू' ही मेथड ओव्हरराइड करून तिथे एक्सेप्शन फेकलंस. कंपायलरने मुकाट्याने ऐकलं, आणि तुझ्या मेनमध्ये कोणी संदर्भग्रंथ मागितला नाही, म्हणून सगळं सुरळीत चाललं.

नेमकी हीच चूक मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी केली होती. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. बचत खात्याचा क्लास तयार होता. खातेदार, नॉमिनी, शिल्लक, व्याज, सगळं त्यात होतं. मुदत ठेवीचं काम माझ्याकडे आलं. मी बचत खात्यातून वारसा घेतला, आणि मुदतीआधी पैसे काढता येत नाहीत म्हणून 'पैसे काढा' या मेथडमध्ये एक्सेप्शन टाकलं. अर्ध्या दिवसात काम संपलं, शाबासकीही मिळाली. महिनाअखेरीस सेवाशुल्क कापणारा प्रोग्राम एकेका बचत खात्यातून रक्कम काढत निघाला. माझ्या वारशामुळे मुदत ठेवही त्याच्या लेखी बचत खातंच होती. पहिली ठेव आली आणि प्रोग्राम जागीच थांबला. काही खात्यांचं शुल्क कापलेलं, बाकीच्यांचं राहिलेलं. ती रात्र आम्ही कापलेल्या आणि राहिलेल्या खात्यांचा मेळ घालण्यात काढली. शुल्काचा प्रोग्राम लिहिणाऱ्याचा काडीचा दोष नव्हता. 'बचत खात्यातून पैसे काढता येतात' हा शब्द क्लासने दिला होता, त्याने त्यावर विश्वास ठेवला. शब्द मोडला होता मी.

ही चूक ओळखण्याची कसोटी बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये एका व्याख्यानात मांडली, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. सोप्या मराठीत सांगायचं तर, जिथे आईबापाचा ऑब्जेक्ट चालतो तिथे लेकराचा ठेवला, तरी वापरणाऱ्याची फसगत होता कामा नये. क्लास आणि सबक्लास नॉर्वेतल्या डाल आणि न्यूगोर यांनी सिम्युला ६७ या भाषेत आणले होते. म्हणजे वारशाची सोय आधी मिळाली आणि वारसा कधी घ्यावा याची कसोटी वीस वर्षांनी इतकी स्पष्ट झाली. तेव्हा तुला ती एका सेमिस्टरमध्ये अंगवळणी पडली नाही, तर मन खट्टू करू नकोस.

जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही असा एक नमुना आहे. तिथला 'स्टॅक' हा क्लास 'व्हेक्टर'मधून काढलेला आहे. स्टॅक म्हणजे ताटांची चळत. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. पण व्हेक्टरच्या सगळ्या मेथड वारशाने आल्यामुळे या चळतीच्या मध्येच ताट घुसवता येतं, तळातलं ओढताही येतं. पहिल्या आवृत्तीपासूनची ही रचना अजून तशीच आहे, कारण जगभरचा जुना कोड तिच्यावर उभा आहे. नव्या कामासाठी 'डेक' वापरा, असं जावाचं दस्तऐवजीकरणच सांगतं. एकदा लोकांच्या हातात दिलेलं वचन मागे घेणं किती अवघड असतं, ते यात दिसतं.

मग करायचं काय? १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडेस या चौघांनी डिझाइन पॅटर्न्सवर पुस्तक लिहिलं. त्यात २३ पॅटर्न आहेत. ते पाठ करण्याआधी त्यांचा एक सल्ला मनात ठेव: वारसा घेण्यापेक्षा ऑब्जेक्ट पोटात ठेवून त्याच्याकडून काम करून घेणं शक्यतो बरं. आम्हीही शेवटी तेच केलं. नॉमिनी आणि व्याजाचा हिशोब वेगळ्या क्लासमध्ये काढले आणि दोन्ही खात्यांनी ते आपापल्या पोटात ठेवले. पैसे काढण्याचं वचन वेगळ्या इंटरफेसमध्ये नेलं. बचत खात्याने ते दिलं, मुदत ठेवीने दिलंच नाही. शुल्काचा प्रोग्राम आता फक्त तो इंटरफेस असलेली खातीच घेतो. चुकून ठेव दिली तर कंपायलरच अडवतो. रात्री अकराला होणारी चूक सकाळी कोड लिहितानाच सापडू लागली.

अजून एक. तू सगळे फील्ड प्रायव्हेट केलेस हे चांगलं, पण मग प्रत्येकाला गेटर-सेटर लावलेस. सभासदाने नेलेल्या पुस्तकांची मूळ यादीच तुझा गेटर बाहेर देतो. ती हातात आल्यावर कोणीही नोंद न करता त्यातलं पुस्तक काढून टाकेल. दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवल्यासारखं झालं हे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवलंय की जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, ते प्रत्येक मॉड्यूलने आपल्या आत लपवावेत. यादी ॲरेलिस्टमध्ये आहे की मॅपमध्ये, हे बाहेर कळायची गरज नाही. 'पुस्तक परत घे' ही मेथड दे, यादी देऊ नकोस.

पुढच्या असाइनमेंटला कीबोर्डला हात लावण्याआधी कागद घे. प्रत्येक क्लासचं वचन साध्या मराठीत लिही: हा काय करतो, काय कधीच करणार नाही. 'एक्स्टेंड्स' लिहिण्याआधी स्वतःला विचार, आईबापाचं प्रत्येक वचन हे लेकरू पाळेल का? एकही मोडत असेल तर वारसा घेऊ नकोस, कितीही ओळी वाचत असल्या तरी. आणि ओव्हरराइड करून एक्सेप्शन फेकायची वेळ आली, तर तिथेच थांब. रचना चुकली आहे, याची ती खूण आहे.

सोमवारी सरांना भेट. गुण वाढवून मागू नकोस. "सर, माझ्या क्लासने शब्द कुठे मोडला, ते दाखवा," एवढंच म्हण. त्यांनी दाखवलेली प्रत्येक जागा दुरुस्त कर आणि तो कोड मला पाठव. मी वाट बघतोय.

तुझा,
मामा