फ्लूच्या रुग्णाचे रक्त काय सांगते?

फ्लू आहे की नाही, हे नाक-घशातील स्रावाच्या आरटी-पीसीआर चाचणीवरून कळते. आजार शरीरात किती मुरला आहे, याचा अंदाज मात्र रक्तावरून येतो. स्वाइन फ्लूच्या साथीतला भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. त्या साथीत अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या रुग्णांच्या रक्तात काही खुणा जगभर पुन्हा पुन्हा दिसल्या.

त्यांतली सर्वांत स्वस्त खूण सीबीसी या रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या चाचणीत असते. फ्लूत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी होतात. रिपोर्टवर त्या बहुधा टक्क्यांत छापलेल्या असल्याने सहज नजरेतून सुटतात. एकूण पांढऱ्या पेशी ५,००० आणि लिम्फोसाइट १२ टक्के असतील, तर प्रत्यक्ष संख्या ६०० भरते; प्रौढांत ती साधारण १,००० च्या वर हवी. दाखल रुग्णात ती दिवसेंदिवस खालीच राहिली, तर प्रकृती बिघडण्याची धास्ती वाढते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट डेंग्यूतही उतरतात. पुणे जिल्ह्यातील मावळच्या पावसाळ्यात दोन्ही तापांची शक्यता असते, म्हणून नुसत्या सीबीसीवरून आजाराचे नाव ठरवणे धोक्याचे.

रक्तातील एलडीएच हे विकर वाढणे म्हणजे फुप्फुसासह ऊतींची हानी, सीपीके हे विकर वाढणे म्हणजे स्नायूंची. क्रिएटिनिन चढू लागले की मूत्रपिंडावर ताण आल्याचे समजावे. दाह दाखवणारे सीआरपी फ्लूतही वाढते, पण ते फार चढले किंवा उतरून पुन्हा चढले, तर वर जिवाणूंचा न्यूमोनिया झाला असावा अशी शंका घेतात. तिथे प्रोकॅल्सिटोनिन या रक्तचाचणीची मदत होते.

एका दिवसाच्या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. दोन-तीन दिवसांत आकडे कुठे चालले आहेत आणि रुग्ण कोण आहे, यावर परिणाम अवलंबून असतो. गरोदर स्त्रिया, वृद्ध, लहान बालके, मधुमेह किंवा दम्याचे रुग्ण यांना जोखीम जास्त. ओसेल्टामिवीर पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, त्यामुळे गंभीर किंवा जोखमीच्या रुग्णात डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

पुणे-लोणावळा मार्गावरील बेगडेवाडीहून रुग्णालयासाठी तळेगाव किंवा चिंचवडला लोकलने जाता येते. पण धाप लागलेल्या, ग्लानीत गेलेल्या किंवा रक्तातील ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली असलेल्या रुग्णाला फलाटावर उभे करू नये, १०८ ला फोन करावा.