तुरुंगातून सुटलेल्या माणसाला कामावर घ्यायचंय? आधी या पाच गोष्टी ठरवा

मागच्या व्हिडिओत आपण बोललो की चांगला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही. आज अशा लोकांबद्दल बोलू, ज्यांचा आपण विचारच करत नाही. जेलमधून सुटून आलेले.

"सर, गल्ल्यात हात घातला तर?" भीती खोटी नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार जणांपैकी जवळपास तीन जण कच्चे कैदी असतात, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नसतो. आत जाऊन आलेला प्रत्येक जण गुन्हेगार ठरलेला नसतो. दुसरं, येरवडा, नाशिकरोडसारख्या मध्यवर्ती कारागृहांत कारखाने चालतात, त्यामुळे काहींच्या हातात सुतारकाम किंवा शिवणकामाचं कसब असतं.

2022 मध्ये येरवड्यात राज्य सहकारी बँकेनं 'जिव्हाळा' योजना सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला 50 हजारांपर्यंत कर्ज, व्याज 7 टक्के, फेड त्याच्या आतल्या मजुरीतून. म्हणजे बँकेनं डोळे मिटून विश्वास टाकला नाही, वसुलीची सोय करून टाकला. आपणही तेच करायचं.

1. काम आधी, माणूस नंतर. काय करायचं, किती वाजता यायचं, कोणाला विचारायचं, हे एका कागदावर लिहा. दया म्हणून घेतलेला माणूस दोघांनाही जड जातो.

2. एकदाच, शांतपणे विचारा. केस कसली? निकाल लागला की जामिनावर आहे? त्यावरून जागा ठरवा. पैशांच्या अफरातफरीत शिक्षा झाली असेल तर गल्ला नको, पॅकिंग द्या. मुलांवरच्या अत्याचारात शिक्षा झाली असेल तर मुलं येतात तिथलं काम अजिबात नको. एकदा ठरलं की रोज तो विषय उकरून काढू नका.

3. तारखेची सुट्टी धरून चला. जामिनावरचा माणूस कोर्टात गेला नाही तर वॉरंट निघू शकतं. तारखा आधीच मागून घ्या, कॅलेंडरवर लिहा.

4. पगार इतरांइतकाच. "गरजू आहे, कमीत येईल" हा हिशोब महाग पडतो, कारण जरा बरं काम मिळालं की तो जाणार. सुरुवातीला आठवड्याला पैसे द्या, महिनाभर थांबायला त्याच्याकडे काही नसतं.

5. हिशोब रोजचा आणि सगळ्यांचा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. समजा, एका रात्री गल्ल्यात 500 रुपये कमी आले. तुमच्याकडे नोंद नसेल तर सगळ्यांच्या नजरा कोणाकडे वळतील? त्याच्याकडेच. कदाचित सुट्टे देताना तुमचीच चूक झाली असेल, पण त्याची नोकरी गेली, आणि पुढच्या दारात तो काय सांगणार? म्हणून रोज रात्री गल्ला मोजा, मालाची आवक-जावक लिहा, कोणत्या वेळी गल्ल्यावर कोण होतं ते लिहा. ही वही तुमचे पैसे वाचवते आणि त्याचं नावही.

त्याचा भूतकाळ बाकीच्या कामगारांना सांगायचा का? ते त्यानं ठरवायचं. तुम्ही चहाच्या टपरीवर बोलू नका.

माणूस शोधायचा कुठे? जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात परिविक्षा अधिकारी असतात, त्यांना भेटा. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून या क्षेत्रात काम करतोय.

आजचा गृहपाठ: आजच्या आज गल्ल्याची वही सुरू करा. महिनाभर ती न चुकता लिहिलीत, तर अशा माणसाला संधी द्यायला तुमचं दुकान तयार आहे असं समजा. भेटू पुढच्या व्हिडिओत!