दवाखान्याचं बिल भरलं, म्हणजे भरपाई झाली का?

व्हिडिओतला हिशोब इथे लिहून देतोय.

समजा, ढोकीत तुमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. प्रेसवर काम करताना ३० वर्षांच्या कामगाराचा अंगठा तुटला. पगार महिना १२,००० रुपये, ईएसआय लागू नाही. तुम्ही दवाखान्याचं बिल भरलं, वर २० हजार देऊन बॉण्डवर सही घेतली. मिटलं का? नाही! बिल वेगळं, भरपाई वेगळी. आणि हक्क सोडल्याची अशी सही कायद्यात टिकत नाही.

हिशोब बघा:

१. पगाराचे ६० टक्के: ७,२०० रुपये
२. वय ३० साठी ठरलेला गुणक २०७.९८. गुणाकार: १४,९७,४५६
३. अंगठा गेला, म्हणजे ३० टक्के: सुमारे ४,४९,२३७ रुपये

१९२३ च्या कायद्यातली ही भरपाई २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आली. दाव्याची मुदत २ वर्षं. देय झाल्यापासून महिनाभरात रक्कम दिली नाही, तर वर्षाला १२ टक्के व्याजही लागतं.

कामगारदादा, केसपेपर, हजेरी अन् पगाराचा पुरावा जपून ठेवा. मालकांनो, कामगारांचा विमा आजच काढा; अपघात झाल्यावर काढून उपयोग नाही.